करंट दिल्याने मेंदू स्नायूंना विसरतो का?

"स्नायूंना करंट देणारं मशीन वापरू नका, मेंदू आणि स्नायूंचं कनेक्शन तुटतं," असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. भीती समजण्यासारखी आहे. आपण काही न करता पाय आखडतो, म्हणजे मेंदूला बाजूला सारलं, असं वाटणारच.

पण या मशीनच्या, कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधला करंट सहसा स्नायूला थेट आखडवत नाही. स्नायूच्या तंतूंपेक्षा मज्जातंतू कमी करंटला उत्तेजित होतात. म्हणजे आज्ञा नेहमीच्याच वाटेने जाते, फक्त मेंदूऐवजी वाटेतल्या मज्जातंतूपासून सुरू होते. शिवाय संवेदना नेणारे तंतूही जागे होतात आणि ती खबर मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत पोचते. पडताळा मशीनवरच मिळतो: करंट हळूहळू वाढवला की साधारणपणे आधी मुंग्या येतात, आकुंचन नंतर. मुंग्या जाणवल्या, म्हणजे मेंदूला कळलंच की!

खरा फरक वेगळाच आहे. स्वतः जोर लावताना मेंदू आधी लहान, चिवट तंतुगट कामाला लावतो आणि त्यांना आगेमागे चालवतो. मशीन पॅडखालच्या त्याच त्या गटांना एकाच ठोक्यावर राबवतं, म्हणून स्नायू लवकर दमतो. तोल किंवा हालचालीतला नेमकेपणा त्यातून येत नाही. म्हणूनच गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडी नीट आवळता येत नसेल, तर फिजिओथेरपिस्ट पॅड लावतात आणि वर सांगतात, "आता तुम्हीही आवळा."

पेसमेकर असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मशीन लावू नये. ती सूचना अफवा नाही.