गुळाचा खडा आणि ॲस्बेस्टॉसची धूळ

भोसरी-पिंपरीकडे धुळीत काम करणाऱ्याला कुणीतरी हमखास सांगतं, "संध्याकाळी गुळाचा खडा खा, छातीतली धूळ निघून जाते." नाही जात. गूळ पोटात उतरतो, धूळ फुफ्फुसात, वाटाच वेगळ्या. साधी धूळ थोडीफार कफाबरोबर पडते तरी, ॲस्बेस्टॉस या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांतल्या खनिजाचे सुईसारखे तंतू मात्र खोल रुतून बसतात. फुफ्फुस कडक होत जातं, कॅन्सर होऊ शकतो, तोही अनेकदा २०-४० वर्षांनी. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसमध्ये काम करणाऱ्यांच्या तब्येतीच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवायला सांगितल्या.

आणि घरचे? जुना सिमेंटचा पत्रा ग्राइंडरने कापून आलेला माणूस दारात शर्ट काढतो, बायको तो भिजवण्याआधी दोनदा झटकते. ते झटकणंच घातक! कारखान्यात कधी पाऊल न टाकलेल्या, फक्त घरच्या कामगाराचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर झाल्याचं लंडनमधल्या अभ्यासात १९६५ सालीच दिसलं होतं. 'पांढरा ॲस्बेस्टॉस, हा त्याचा एक प्रकार, चालतो' हेही खोटं.

कपडे कामावरच बदला. पत्रा ओला करून, न फोडता, अख्खा उतरवा. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.