अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही

अमेरिकेला निघालेल्या मुलाच्या बॅगेत मिक्सर भरताना ‘पिनचा अडॅप्टर घेतलाय, चालेल’ असं हमखास म्हटलं जातं. नाही चालणार. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो. आपल्याकडे २३० व्होल्ट, तिथे १२०; मिक्सर नीट फिरणारच नाही आणि इथली विजेची किटली जेमतेम पाव ताकदीने तापेल. उलटा प्रवास तर धोक्याचा: फक्त १२० व्होल्टचा हेअर ड्रायर इथे लावला, की जवळपास चौपट वीज ओढून जळू शकतो. मोबाईल, लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा ‘१००–२४० व्होल्ट’ छापलेलं असतं, ते वाचा आणि बिनधास्त न्या. मिक्सर न्यायचाच तर ११०–१२० व्होल्टचा मागून घ्या.