पद्मिनीचा लाईट स्विच बदलायचाय? आधी हे वाचा

तुमच्या प्रीमियर पद्मिनीचे हेडलाईट मिणमिणते झालेत, किंवा स्टिअरिंगखालचा दांडा जरासा हलला की लाईट येते-जाते, आणि कोणीतरी सांगितलंय की बॅटरी बदला, तर जरा थांबा. बहुतेक वेळा बॅटरी ठणठणीत असते, दुखणं स्विचमध्ये असतं.

होतं काय, की आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पद्मिनींमध्ये हेडलाईटचा सगळा करंट थेट स्विचमधूनच जातो, मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा वेगळा स्विच) नसतो. 60/55 वॅटचे दोन बल्ब असले तर अप्परला (लांबच्या झोताला) साधारण 10 अँपिअर, आणि कोणी हौसेने 100/90 चे टाकले असतील तर जवळपास 17. आतल्या पितळी पत्त्यांवर वर्षानुवर्षं ठिणग्या पडून काळा थर साचतो, मुंबईची खारी हवा त्यात भर घालते, स्प्रिंग ढिली पडते. आता या थराचा करंटला होणारा अडथळा 0.1 ओहम धरला, तर आकडा किती फालतू वाटतो, पण 10 अँपिअरला तेवढ्यानेच 1 व्होल्ट तिथे खर्च होतो आणि 10 वॅटची उष्णता स्विचच्या पोटात तयार होते, म्हणजे छोटं सोल्डरिंग आयर्न आत ठेवल्यासारखं, म्हणून तर प्लास्टिक वितळतं आणि वायरचं टोक पिवळट-तपकिरी पडतं. शिवाय बल्बचं व्होल्टेज 10 टक्के घसरलं की उजेड जवळजवळ 30 टक्के घसरतो, घाटात रात्री हे चांगलंच कळतं!

तपासायला मल्टीमीटर पुरे. लाईट चालू ठेवा, एक पिन स्विचच्या इनवर, दुसरी आऊटवर. आकडा शून्याच्या आसपास पाहिजे, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर स्विच गेला समजा. स्विच ठीक निघाला तर अर्थिंग (बॉडीला जोडलेली वायर) बघा, बॉडीवरचा गंजलेला बोल्टही असाच त्रास देतो.

आमचं म्हणणं स्पष्ट आहे, नुसता नवीन स्विच टाकून उपयोग नाही, रिले लावलाच पाहिजे. मग बल्बचा करंट बॅटरीवरून फ्यूजमार्गे रिलेच्या 30 नंबरच्या टर्मिनलवरून 87 ला जातो, आणि स्विचला फक्त 85-86 टर्मिनलमधली कॉइल चालवायची असते, अर्ध्या अँपिअरच्याही आत. अप्परला एक, डिपरला एक, असे दोन रिले आणि प्रत्येकाला वेगळा फ्यूज.

जुना स्विच टाकून देऊ नका. गाडी कुर्ल्यात बनायची तरी आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडलासुद्धा चांगला ओरिजिनल पीस सहज मिळत नाही, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा 2023 मध्ये बंद झाली, त्यामुळे पार्टची मागणीच आटलीय. बाजारात मिळणाऱ्या कॉप्या दिसायला तशाच, पण पत्ती पातळ असते. म्हणून बॉडी फुटलेली नसेल तर आम्ही आधी तुमचाच स्विच उघडतो, कॉन्टॅक्ट घासून साफ करतो, स्प्रिंग बदलतो, आणि रिलेमुळे भार कमी झाल्यावर तोच स्विच पुढे छान चालतो.

ब्रेकलाईटचा स्विच मात्र रिपेअर करत नाही, नवीनच टाकतो. ज्या गाडीत तो ब्रेकच्या लाईनवर प्रेशरचा असतो तिथे पेडल जोरात दाबल्याशिवाय मागची लाईट लागत नसेल किंवा स्विचपाशी ऑइल झिरपत असेल तर गाडी चालवत आणू नका, फोन करा, आम्ही येतो. तो बदलल्यावर ब्रेकची एअर काढावी लागते, तेव्हा त्याला थोडा जास्त वेळ धरा.