मिथेनॉल (नैसर्गिक वायूपासून)

नैसर्गिक वायूतील मिथेनवर रासायनिक प्रक्रिया करून मिळणारे द्रवरूप अल्कोहोल. इंधन म्हणून ते वापरता येते. मात्र त्याचा मोठा खप फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅसेटिक आम्ल अशा रसायनांसाठी होतो.

वायूतील गंधक आधी काढावे लागते, नाहीतर पुढचे उत्प्रेरक निकामी होतात. मग वायू आणि वाफ भट्टीतल्या निकेल-उत्प्रेरक भरलेल्या नळ्यांतून ८०० ते ९०० अंश सेल्सियसला जाऊ देतात. त्यातून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण मिळते. ते ५० ते १०० बार दाबाखाली तांबे व जस्त ऑक्साइडयुक्त उत्प्रेरकावरून नेले की मिथेनॉल तयार होते. एका फेरीत थोडाच वायू बदलतो. म्हणून मिथेनॉल थंड करून वेगळे काढतात आणि उरलेला वायू पुन्हा फिरवतात. शेवटी ऊर्ध्वपातनाने पाणी काढतात. १९२३ साली जर्मनीत बीएएसएफ कंपनीने सुरू केलेल्या पद्धतीला याहून कितीतरी जास्त दाब लागे. कमी दाबाची पद्धत १९६०च्या दशकात इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने रुळवली.

मिथेनपासून हायड्रोजन गरजेपेक्षा जास्त निघतो. खतासाठी लागणाऱ्या अमोनियाला नेमका तोच लागतो, त्यामुळे मिथेनॉल आणि खत यांची सोयरीक स्वाभाविक आहे. मुंबईत चेंबूरजवळ ट्रॉम्बेच्या आरसीएफ खत कारखान्यात आणि नवी मुंबईजवळ तळोज्याला मिथेनॉल तयार होत आले आहे. १९७४ मध्ये सापडलेल्या ‘मुंबई हाय’चा वायू समुद्राखालच्या नळवाहिनीने उरणला येऊ लागल्यावर या पट्ट्याला कच्चा माल दारात मिळाला.

मिथेनॉल अत्यंत विषारी आहे. ते प्यायल्यास शरीरात फॉर्मिक आम्ल बनते, दृष्टी जाते आणि मृत्यूही ओढवतो. २०१५ साली मालाडच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित गावठी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. या द्रवाचा साठा आणि वाहतूक यांवर कडक नजर हवीच. भर दिवसा त्याची ज्योतही जवळजवळ दिसत नाही.

एक लिटर मिथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम निम्मी ऊर्जा असते, आणि वायूचे मिथेनॉल करताना सुमारे तिसरा हिस्सा ऊर्जा वाया जाते. मुंबईतल्या रिक्षा, टॅक्सी आणि बस हाच वायू सीएनजी म्हणून थेट जाळतात, तेव्हा रस्त्यावरच्या वाहनांसाठी येथे हा खटाटोप परवडणारा नाही. जहाजांचे गणित वेगळे. लांब पल्ल्याला वायू साठवणे अवघड पडते. मिथेनॉल मात्र साध्या तापमानाला, दाबाविना टाकीत राहते.