आठ सेंटिमीटरचा सौदा

मराठीत हाताची मूठ आणि तलवारीची मूठ यांना शब्द एकच आहे, आणि तलवारबाजी शिकायला आलेला नवखा नेमका तिथेच फसतो. शस्त्र हाती आले की तो हाताची मूठ करतो. पाचही बोटे आवळलेली, हातोडा धरावा तशी. थोड्याच वेळात हात भरून येतो आणि तलवारीचे टोक हवे तिकडे जाईनासे होते.

यामागचे कारण बोटांत सापडणार नाही. बोटे मिटवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात आणि त्यांच्या कंडरा मनगटावरून बोटांपर्यंत जातात. मूठ जोरात आवळली की हे स्नायू मनगटालाही आत ओढतात. ते सावरायला उलट्या बाजूचे स्नायू ताणले जातात आणि दोन्हीकडून ओढले गेलेले मनगट जखडते. करून पाहा: मूठ घट्ट आवळून मनगट भराभर गोल फिरवा, मग बोटे सैल सोडून फिरवा. फरक सांगावा लागणार नाही.

जॉन नेपियर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1956 मध्ये माणसाच्या पकडीचे दोन मूळ प्रकार मांडले: जोराची पकड आणि नेमकेपणाची पकड. पहिलीत वस्तू तळहाताला टेकवून बोटांनी दाबली जाते, दुसरीत ती अंगठा आणि बोटांच्या टोकांत असते. खेळातल्या तलवारीला दोन्ही हव्या असतात, आणि तेही एकाच वेळी. मुठींचे इतके प्रकार का निघाले, याचे उत्तर बरेचसे यातच आहे.

फ्रेंच मूठ म्हणजे किंचित बाक असलेली साधी दांडी, मागच्या टोकाला पॉमेल नावाचा वजनदार गोळा. अंगठा आणि तर्जनी गार्डच्या, म्हणजे हात झाकणाऱ्या वाटीच्या, अगदी जवळ दांडी चिमटीत धरतात, उरलेली तीन बोटे मागून हलकासा आधार देतात. आता चिमूट हा टेकू धरा. शेवटची बोटे त्याच्या साधारण 8 सेंटिमीटर मागे आहेत आणि पात्याचे टोक जवळपास 90 सेंटिमीटर पुढे. मागची बोटे 1 सेंटिमीटर मिटली की टोक 11 सेंटिमीटर सरकते! हात जागचा हलत नाही, मनगट दिसेल इतके वळत नाही, आणि टोक समोरच्याच्या पात्याखालून पलीकडे गेलेले असते. फ्रेंच मुठीवर प्रेम करणारी माणसे ज्या गोष्टीसाठी जीव टाकतात ती हीच.

पण तरफ दोन्हीकडून चालते. समोरच्याने तुमच्या पात्याच्या मध्यावर, म्हणजे 45 सेंटिमीटरवर, 1 किलो वजनाइतका दाब दिला तर तुमच्या मागच्या बोटांना साडेपाच किलोचा भार पेलावा लागतो. इथे पिस्तूल मूठ कामाला येते. तिला खोबणी आणि बाहेर आलेले खुंट असतात. प्रत्येक बोट आपापल्या जागी अडकते, मागचा भाग तळहाताला टेकतो आणि भार चिमटीवर न राहता सगळ्या पंजावर पसरतो. शिवाय पाते हातातल्या हातात गरकन फिरत नाही. बेल्जियन, व्हिस्कोंती, रशियन ही तिचीच भावंडे. फरक खुंटांच्या जागेचा आणि कोनाचा. किंमत अशी की बोटांची बारीक हालचाल कमी होते आणि खेळाडू नकळत सगळे काम मनगटावर, कधी कोपरावर ढकलतो. म्हणूनच अनेक प्रशिक्षक आधी काही महिने फ्रेंच मूठच हातात देतात. मला ते पटते, जरी शिकणाऱ्याला त्या काळात पिस्तूलवाल्यांकडून भरपूर मार खावा लागतो. आडवी पट्टी असलेली, बऱ्याचदा मनगटाला पट्ट्याने बांधायची इटालियन मूठ आता क्वचितच दिसते.

खेळात तलवारी तीन प्रकारच्या: फॉइल, इपी आणि सेबर. खरी गंमत इपी या शस्त्रात आहे. फॉइलमध्ये फक्त धडावर टोचायचे, आणि दोघांचीही टोके लागली तर हल्ल्याचा हक्क कोणाकडे होता, म्हणजे गुण कोणाला, हे पंच ठरवतो. तो हक्क मिळवायला समोरचे पाते झटकावे किंवा अडवावे लागते, म्हणजे जोर लागतो. त्यामुळे वरच्या पातळीवर फॉइलमध्ये पिस्तूल मुठीचेच राज्य. इपीत तसला हक्क नाही. डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत कुठेही टोचा, ज्याचे टोक आधी लागले त्याला गुण. दोघांच्या टोचण्यांत साधारण 40 ते 50 मिलिसेकंदांहून कमी अंतर असेल तर यंत्र दोघांनाही गुण देते.

म्हणून इपीत फ्रेंच मूठ गार्डपाशी न धरता पार मागे, पॉमेलवर धरणारे खेळाडू असतात. त्यांना 8 सेंटिमीटर जास्त पल्ला मिळतो, असे धरू. टोक सेकंदाला 2 मीटर वेगाने पुढे जात असेल तर 8 सेंटिमीटर कापायला 40 मिलिसेकंद लागतात. म्हणजे यंत्राच्या नजरेत ‘दोघेही’ आणि ‘फक्त मी’ यांच्यात जेवढे अंतर आहे, जवळपास तेवढेच! ही बरोबरी मला अजून चकित करते.

मात्र मागे धरल्यावर पाते चिमटीपासून लांब जाते आणि मुठीचा आधार आखूड होतो. आधार 4 सेंटिमीटरच उरला तर मघाचा 1 किलोचा दाब बोटांना 13 किलोंसारखा जाणवेल. तो पेलवत नाही. म्हणून असा खेळाडू पात्याला पाते लागूच देत नाही. समोरचा पुढे येताच त्याच्या हाताला किंवा मनगटाला टोचून मागे सरकतो. एकदा का त्याचे पाते समोरच्याने पकडले, की खेळ खलास.

मग पिस्तूल मूठच लांब करून दोन्ही फायदे का घेऊ नयेत? नियमांनी ती वाट बंद केली आहे. खास आकार असलेल्या मुठीवर हाताची जागा एकच हवी, आणि सरळ केलेल्या अंगठ्याचे टोक गार्डच्या आतल्या बाजूपासून 2 सेंटिमीटरपेक्षा दूर नको. पल्ला घ्या किंवा पक्की पकड घ्या. सेबरला हा पेच नाही. तिथे मूठ एकाच धाटणीची, कारण ते काप देण्याचे शस्त्र. बोटे उघडत-मिटत पाते झटकायचे.

मूठ निवडताना हातमोजा घालूनच पाहावी. बोटांची टोके तळहातात रुतली तर ती लहान, खुंटांपर्यंत बोटे पोचायला ताणावी लागली तर मोठी. डावखुऱ्यांसाठी वेगळी घडण असते. पात्याचा शेपटासारखा भाग मुठीतून आरपार जातो आणि तो जोडताना किंचित वाकवतात, म्हणजे हात सरळ केल्यावर टोक आपोआप समोरच्याकडे रोखलेले राहते. फ्रेंच मुठीला हा शेपटा लांब लागतो, पिस्तुलाला आखूड, म्हणून जास्तीचा भाग करवतीने कापून टाकतात. एकदा कापलेले पाते पुन्हा फ्रेंच मुठीत सहजासहजी बसत नाही. तेव्हा नवे पाते कापण्याआधी दोन्ही मुठी सरावात कुणाकडून तरी उसन्या घेऊन पाहाव्यात.