कोरड्या उन्हात तहान उशिरा लागते

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांकडे सरकतो. अशा दुपारी शेतातून घरी आलेल्या माणसाचा सदरा जवळून बघा. तो ओला नसतो, पण पाठीवर आणि काखेखाली मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. कोकणात घाम निथळतो म्हणून दिसतो. खानदेशच्या कोरड्या हवेत तो येता येताच उडून जातो. त्यामुळे अंगातलं किती पाणी गेलं, हे कळतच नाही.

घाम उडायलाच हवा. एक लिटर घाम अंगावर वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठ गार होतो तो याच युक्तीने. पण माठात वरून पाणी ओतत राहावं लागतं, तसंच शरीराचंही आहे. भर उन्हात कष्टाचं काम केलं तर तासाला लिटरभर घाम सहज जातो.

मग तहान सांगत नाही का? सांगते, पण उशिरा, आणि लवकर गप्प होते. रक्ताचा दाटपणा थोडा वाढला की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं पाणी राखायला लागतात. लघवी कमी आणि गडद होते ती इथे. दाटपणा १-२ टक्क्यांनी वाढल्यावर तहान जाणवते. पाणी प्यायलं की ते रक्तात पुरतं मिसळायच्या आधीच, घशातून उतरतानाच, तहान भागल्यासारखी वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड अडॉल्फ यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर हेच पाहिलं: पाणी हाताशी असूनही माणसं घामाने गेलं तेवढं पीत नव्हती, आणि राहिलेली तूट बरीचशी जेवताना भरून निघत होती. म्हणून उन्हाळ्यात दुपारचं जेवण बुडवू नये. भाकरीबरोबर पाणीही बुडतं.

तहानेवर विसंबता येत नसेल, तर पाणी दिवसाच्या ठरलेल्या कामांना बांधून टाकावं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी १२ आठवडे तपासल्या. रोज त्याच प्रसंगी तीच कृती केल्यावर ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. खानदेशात याचा हिशेब सोपा आहे: आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांची घागर भरतो, त्या दिवशी सुरुवात केली तर आषाढापर्यंत सवय बसू शकते. अर्थात होळीपासून केली तर अधिक बरं, कारण ऐन उन्हाळ्यात ती तयार असेल.

आधी भांडं मोजा. लिटरच्या बाटलीने घरातला तांब्या आणि पेला भरून बघा. ‘दोन तांबे प्यायलो’ म्हणजे नेमकं किती, हे तेव्हाच कळतं. मग जागा ठरवा. उठल्यावर चूळ भरली की ४०० मिली. सकाळच्या चहाआधी २००. उंबरठा ओलांडताना २५०. दोन्ही जेवणांबरोबर प्रत्येकी ३००. दुपारच्या चहाआधी पुन्हा २००, घरी परतल्यावर २५०. हे जवळपास दोन लिटर झाले, बाकीचं थोडं ताक-वरणातून येतं. सावलीत बसणाऱ्याला एवढं पुरावं. उन्हात काम असेल तर यावर दर १५-२० मिनिटांनी पेलाभर, पण तासाला १.४ लिटरच्या वर नाही.

आपला घाम किती, हे काट्यावर कळतं. केळी-कापूस तोलायचे काटे गावोगाव आहेत. फक्त शंभर ग्रॅमचा फरकही दाखवणारा हवा. कामाआधी आणि नंतर त्याच कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं आणि मधे अर्धा लिटर प्यायला असाल, तर घाम गेला दीड लिटर.

सवय मोडते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक, सकाळी राहिलेलं रात्री एकदम पिणं. त्यातलं बरंचसं लघवीवाटे जातं आणि झोपही मोडते. दुसरं कारण गंभीर आहे: शेतात, बाजारात, एसटी स्टँडवर बायकांना जायला धड जागा नसते, म्हणून त्या पाणीच टाळतात. यातून लघवीची जळजळ आणि मूतखडा वाढतो. त्यांना ‘पाणी पी’ म्हणण्याआधी बांधावर आडोसा आणि स्वच्छ संडास करून द्यायला हवा.

तासन्‌तास घाम गाळून नुसतंच पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं. जेवणातलं मीठ आणि खारं ताक बहुधा पुरतं. जुलाब-उलट्या असतील तर मात्र एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि लघवीच्या गोळ्या घेणारे यांनी पाण्याचं माप डॉक्टरांकडूनच घ्यावं.

रोजची तपासणी लघवीच्या रंगाची: फिक्या लिंबू सरबतासारखी ठीक, मोहरीच्या तेलासारखी म्हणजे पाणी कमी. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर लघवी भडक पिवळी दिसते, त्या दिवशी रंगावर जाऊ नये. म्हाताऱ्या माणसांची तर तहानच मंदावलेली असते. त्यांच्या खाटेशी भरलेला पेला ठेवावा आणि तो रिकामा झाला का, हे घरातल्या कुणीतरी दर दोन तासांनी बघावं.