मार्शल आक्रमण

मार्शल आक्रमण : बुद्धिबळातील रुय लोपेझ या ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक खेळ्यांच्या) बंदिस्त शाखेतला, काळ्याने खेळायचा गॅम्बिट, म्हणजे मोबदल्यासाठी प्यादे सोडण्याची चाल. पांढऱ्याच्या आठव्या सी३ (प्यादे सी स्तंभाच्या तिसऱ्या घरात) या खेळीवर काळा डी५ खेळतो व ई५ वरचे प्यादे सोडतो. मोबदल्यात त्याची मोहरी झपाट्याने बाहेर येतात आणि पांढऱ्याच्या राजावर दीर्घकाळ दडपण राहते.

नाव अमेरिकन खेळाडू फ्रँक मार्शल याच्यावरून पडले. २३ ऑक्टोबर १९१८ रोजी न्यूयॉर्कच्या स्पर्धेत त्याने हा गॅम्बिट क्यूबाचा खेळाडू होझे राऊल कापाब्लांका याच्याविरुद्ध खेळला. १९०९ च्या सामन्यात कापाब्लांकाकडून ८–१ असा (१४ डाव बरोबरीत) पराभव झाल्यापासून मार्शलने हे अस्त्र त्याच्यासाठीच राखून ठेवले होते, ही कथा सर्वत्र आढळते. ती जपूनच स्वीकारावी. १९१७ मधील वॉल्टर फ्रिअरविरुद्धच्या डावात मार्शलने हीच कल्पना वापरलेली दिसते, आणि तिचा माग १८९३ च्या सुमारास हवानापर्यंतही नेला जातो. तेव्हा मार्शलची घरची तयारी मान्य करूनही नऊ वर्षांच्या गुप्ततेची बाजू लंगडी ठरते.

१९१८ च्या त्या डावात काळ्याकडून खेळणाऱ्या मार्शलने अकराव्या खेळीला घोडा एफ६ वर मागे घेतला व पंधराव्या खेळीला एफ२ वर त्याचे बलिदान दिले. वजिराने तो मारला असता तर काळा आधी एच२ वर उंटाचा शह देऊन मगच उंट जी३ वर आणतो. हा क्रम महत्त्वाचा आहे : शह न देता उंट थेट जी३ वर नेल्यास पांढरा वजीर एफ७ वर प्यादे मारून शह देतो, आणि हत्तीने वजीर घेताच ई८ वर हत्तीची मात होते. कापाब्लांकाने घोड्याला हात न लावता हत्ती ई२ वर आणला. अपरिचित हल्ल्यापुढे पटावर बसून केलेला हा बचाव आजही थक्क करतो. छत्तिसाव्या खेळीला डाव त्याने जिंकला.

नंतर मार्शलनेच पुढे आणलेली काळ्याची अकरावी सी६ ही खेळी प्रमाण ठरली. स्पास्कीने १९६५ मध्ये तालविरुद्ध, तर लेकोने २००४ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रामनिकविरुद्ध हे आक्रमण वापरले. लेकोने त्या लढतीतला तो आठवा डाव जिंकला. पांढरा आठव्या खेळीला ए४ किंवा एच३ खेळून हे आक्रमण टाळू शकतो. अशा शाखांना मार्शलविरोधी म्हणतात.